जुन्या रोड सायकलची फ्रेम कुठे बनली? स्टिकर शेवटी वाचा

माळ्यावरून, वाड्याच्या जिन्याखालून किंवा जुन्या बाजारातून ड्रॉप (खाली वळलेल्या) हँडलची सायकल हाती आली की पुण्यात तिचा पहिला मुक्काम असतो पावडर कोटिंगवाल्याकडे. तिथून ती जाणत्या माणसाकडे जाते आणि प्रश्न येतो, "ओळखा बरं, कुठली आहे?" तोवर ओळखण्यासारखं जे काही होतं ते सँडब्लास्टिंगमध्ये उडून गेलेलं असतं.

दुसरी नेहमीची चूक क्रमाची. लोक आधी स्टिकर वाचतात, मग भागांवरची नावं, मग नंबर, आणि आट्यांपर्यंत पोचतच नाहीत. खरा क्रम बरोबर उलटा आहे. जे बदलणं सगळ्यात अवघड ते आधी तपासायचं आणि जे पाच मिनिटांत बदलता येतं ते शेवटी.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. नाव कुठल्या देशाचं, नळ्या कुठल्या देशाच्या आणि फ्रेम झाळली (नळ्या जोडून बांधली) कुठे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाचा (एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा) विक्रम केला, त्या सायकलवर नाव होतं मेक्सिकोच्या 'विंडसर'चं, पण ती बांधली होती इटलीत एर्नेस्तो कोल्नागोने. आपल्याला शोधायचाय तो तिसऱ्या प्रश्नाचा पत्ता.

टप्पा १: हात लावण्याआधी

सायकल धुऊ नका. तारेचा ब्रश तर नकोच. आहे त्या अवस्थेत, दिवसाच्या उजेडात फोटो काढा: दोन्ही बाजू, हेड ट्यूब (हँडलखालची पुढची उभी नळी) समोरून, सीटचा सांधा मागून, मागची दोन्ही ड्रॉपआउट (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचा), आणि सायकल उलटी करून बीबी शेलची खालची बाजू. क्रँकचा एक्सल ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो ते बीबी शेल. पुढे सगळ्यात जास्त काम त्याचंच आहे.

हत्यारं फार लागत नाहीत. बोहरी आळीत व्हर्निअर मिळेल, १५० मिमीचा पुरे. थ्रेड गेज (आटे मोजायचं साधन) घ्याल तेव्हा मात्र दुकानातच त्याची पानं उघडून बघा. नुसता मेट्रिक संच उपयोगाचा नाही, इंचाला २४ आणि २६ आट्यांची पानं त्यात हवीतच. शिवाय टॉर्च, लोहचुंबक, जुना टूथब्रश, रॉकेल, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल.

इशारा: सुटा केलेला प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत ठेवून वर चिठ्ठी लावा. दुकानात सोडलेल्या सायकलच्या बीबी शेलमधला जुना कप (छर्रे बसतात ती आट्यांची वाटी) "खराब होता, नवा टाकला" म्हणून भंगारात जातो, आणि त्या कपावरच उत्तर कोरलेलं असू शकतं. काम दुकानात करून घेणार असाल तर "जुनं सगळं परत हवंय" हे आधी सांगा, आणि पावतीवर लिहून घ्या.

टप्पा २: ही रोड फ्रेम आहे तरी का?

ड्रॉप हँडल लावलेली घोडा सायकल पुण्यात भरपूर सापडते. २८ बाय १½ ची चाकं, मागे झुकलेली सीट ट्यूब (सीटखालची नळी), रॉड ब्रेकच्या खुणा, चेनकव्हर अडकवायची पट्टी, कॉटर पिनचे (पाचरीसारख्या खिळीने घट्ट केलेले) क्रँक यातल्या बऱ्याच गोष्टी एकत्र दिसल्या तर ती मुळात रोडस्टर, म्हणजे रोजच्या वापराची साधी सायकल आहे. एकटी कॉटर पिन मात्र पुरावा नाही, साध्या परदेशी रोड सायकलींनाही ती असायची.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. 'रॅले' लिहिलंय म्हणजे इंग्लंडचं नॉटिंगहॅम, असं नसतं. सेन-रॅलेचा कारखाना आसनसोलला होता. हर्क्युलिस, बीएसए आणि फिलिप्स ही मुळातली इंग्लंडची नावं, पण मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स त्याच नावांनी सायकली बनवत होती. आजोबांची 'विलायती' सायकल बऱ्याचदा या दोन गावांपैकी एकातली निघते. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त विकताना नॉटिंगहॅमचा भाव सांगू नका.

चाकं, डिरेलर (गिअर बदलणारा भाग), ब्रेक आणि क्रँक सध्या बाजूला ठेवा. ते कुठे बनले यावरून फ्रेमचं गाव कळत नाही, काळाचा अंदाज तेवढा येतो. शिमानोच्या भागांवर मागच्या बाजूला दोन अक्षरांचा कोड असतो, पहिलं अक्षर वर्षाचं (ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७) आणि दुसरं महिन्याचं. हे टिपून ठेवा आणि पुढे चला.

टप्पा ३: बीबी शेल

वेळ द्यायचा तो इथे.

*आधी रुंदी मोजा.* कप बसलेले असतील तर त्यांच्या कडेची जाडी धरू नका, फक्त शेलची लांबी घ्या. ६८ मिमी आली तर ब्रिटिश, फ्रेंच किंवा स्विस माप. ७० आली तर इटालियन. ७१ किंवा ७६ आली तर नॉटिंगहॅमच्या रॅलेचं खास माप, ज्यात इंचाला २६ आटे असतात. घासून सारखी केलेली शेल अर्धा मिमी कमी भरू शकते, त्याने गोंधळू नका.

*मग कपावरचे आकडे वाचा.* रॉकेलने पुसलं की बऱ्याच कपांच्या तोंडावर माप दिसतं. १.३७ बाय २४ म्हणजे ब्रिटिश, ३६ बाय २४ म्हणजे इटालियन, ३५ बाय १ म्हणजे फ्रेंच किंवा स्विस.

*मग आट्यांची दिशा.* डाव्या बाजूचा कप चारही पद्धतींत सरळ आट्याचा असतो, त्यामुळे तो आधी काढा. चेनच्या बाजूला फरक पडतो. ब्रिटिश आणि स्विस मापांत तिथे उलटे आटे असतात, म्हणजे कप काढायला घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. फ्रेंच आणि इटालियनमध्ये दोन्ही बाजू सरळ. निघालेला कप उभा धरून बघा: समोरचे आटे डावीकडून उजवीकडे वर चढत असतील तर सरळ, उजवीकडून डावीकडे चढत असतील तर उलटे.

इशारा: चेनच्या बाजूचा कप हलत नसेल तर छिन्नी-हातोडा घेऊ नका. आट्यात तेल सोडून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा. "थांबा, दोन दणके घालतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करून सायकल घरी आणा. तो चुकीच्या दिशेने जोर लावत असेल तर कप आणखी आवळला जातो, आणि शेलचे आटे गेले की फ्रेमही गेली आणि पुरावाही. रुंदी, कपावरचे आकडे आणि डाव्या कपाचे आटे एवढ्यावर पुष्कळ भागतं. उजवा कप आतच राहिला तरी चालेल.

*शेवटी आटे मोजा.* ब्रिटिश कपाचा बाहेरचा व्यास ३४.८ मिमी, फ्रेंचचा ३५. झिजलेल्या कपावर हा फरक व्हर्निअरने ओळखायला जाणं म्हणजे स्वतःची फसवणूक. गेजचं पान लावून उजेडासमोर धरा. २४ चं पान फट न ठेवता बसलं तर इंची, १ मिमीचं बसलं तर मेट्रिक. गेज नसेल तर दहा आट्यांचं अंतर घ्या: मेट्रिक १० मिमी भरेल, इंचाला २४ असतील तर साधारण १०.६.

आता अर्थ लावताना तीन ठिकाणी लोक फसतात.

एक, आटे ३६ बाय २४ पण शेल ६८ मिमी. ही इटालियन फ्रेम नव्हे. ब्रिटिश किंवा फ्रेंच शेलचे आटे गेले की त्यात मोठ्या इटालियन मापाचे नवे आटे पाडायची जुनी दुरुस्ती आहे. रुंदी खरं सांगते, आटे नंतरचे.

दोन, स्विस आटे म्हणजे स्वित्झर्लंड नव्हे. फ्रान्सच्या मोटोबेकानने १९७० च्या दशकात हेच आटे वापरले.

तीन, ब्रिटिश आट्यांवरून ब्रिटन ठरत नाही. जपान आणि तैवानने हेच माप घेतलं, आणि १९८० च्या दशकात फ्रेंच कारखानेही त्यावर आले. म्हणून फ्रेंच, इटालियन किंवा रॅलेचं माप निघालं तर यादी एकदम छोटी होते. ब्रिटिश निघालं तर खरं काम पुढे आहे.

टप्पा ४: नळ्यांची जाडी

सीट ट्यूब आणि डाउन ट्यूब (हेड ट्यूबकडून बीबी शेलकडे उतरणारी नळी) मध्यावर मोजा, सांध्याजवळ नको. ब्रिटिश, इटालियन आणि जपानी फ्रेमवर दोन्ही २८.६ मिमी आणि टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) २५.४. जुन्या फ्रेंच मापात दोन्ही २८ आणि टॉप ट्यूब २६. सगळ्यात सोपी खूण टॉप ट्यूबचीच, कारण तिथे फ्रेंच नळी जाड निघते आणि रंगाच्या थराने ते झाकलं जात नाही. सीट ट्यूबवर मात्र २८ वर जाड पावडर कोट चढला की ती २८.४ भरते आणि माणूस घोटाळ्यात पडतो. प्रत्येक नळी दोन-तीन कोनांतून मोजून सरासरी घ्या.

सीटपोस्ट (सीटखालची दांडी) काढून तिच्यावरचा आकडा वाचा, पण तेवढ्यावर विसंबू नका. बारीक पोस्टभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवणं ही आपली राष्ट्रीय दुरुस्ती आहे. सीट ट्यूबच्या वरच्या टोकाला असलेल्या चिरेच्या खाली, जिथे नळी दाबली गेलेली नाही, तिथे आतला व्यास घ्या. २७.२ म्हणजे पातळ भिंतीची चांगली इंची नळी. २६.४ आणि टॉप ट्यूब २६ असेल तर पातळ भिंतीची फ्रेंच मापाची. २५.४ म्हणजे जाड भिंतीची साधी नळी. सीट ट्यूबच्या आत बोट फिरवल्यावर उभी शिवण लागली तर ती वेल्ड केलेली स्वस्त नळी समजा, बाहेर स्टिकर कसलाही असो.

टप्पा ५: चिमटा बाहेर काढा

चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा फाटा. तो काढताना खाली परात ठेवा, छर्रे सुटे असू शकतात. वरचे आणि खालचे वेगळे ठेवा.

चिमट्याच्या उभ्या नळीवर एवढं बघायचं:

- आट्यांवरचा व्यास. २५.४ च्या जवळ असेल तर इंची, २५.० असेल तर फ्रेंच. वॉशर अडकवायला खाचेऐवजी मागे सपाट घासलेलं असेल तर फ्रेंच असण्याची शक्यता वाढते. इथेही इंचाला २६ आटे निघाले तर रॅलेकडे बघा.
- स्टेम (हँडल धरणारी, चिमट्याच्या नळीत बसणारी दांडी). फ्रेंच २२.० मिमी, बाकी बहुतेकांची २२.२. फ्रेंच चिमट्यात २२.२ ची स्टेम ठोकून बसवलेली असेल तर ती काढतानाच कळेल.
- शिक्के आणि आतली रचना. नळीच्या तळाशी टॉर्च मारून बघा. आत पिळदार उंचवटे असतील आणि कबुतराचा शिक्का असेल तर नळी मिलानच्या कोलंबसची. 'रेनॉल्ड्स' कोरलेलं असेल तर बर्मिंगहॅमची.
- नंबर. बरेच ब्रिटिश कारागीर फ्रेमचा नंबर चिमट्याच्या नळीवरही ठोकत. दोन्ही जुळले तर चिमटा मूळचा.

तपासणी: चिमटा आणि फ्रेम वेगळ्या देशांची मापं दाखवत असतील तर फ्रेमचं ऐका. अपघातात आधी चिमटा वाकतो, आणि बदलला जातो तोही आधी.

टप्पा ६: ड्रॉपआउट, लग, झाळ

मागच्या ड्रॉपआउटवर 'कांपान्योलो' दिसलं की लोक इटलीचं तिकीट काढतात. हे ड्रॉपआउट इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका, जपान सगळीकडच्या चांगल्या फ्रेमवर बसत. त्यावरचं 'ब्रेव्ह.' म्हणजे पेटंटची खूण, फ्रेम बांधणाऱ्याचं नाव नव्हे. उलट सिंप्लेक्स किंवा युरे यांचे ड्रॉपआउट फ्रान्सकडे आणि शिमानो किंवा सनटूरचे जपानकडे जरा जास्त झुकतात. तोही कलच, पुरावा नाही.

लगांचंही (सांध्यांवर नळ्या जोडणाऱ्या धातूच्या खोळींचं) तसंच. नक्षीदार नर्व्हेक्स लग फ्रान्सचे, पण ब्रिटिश कारागिरांनी ते मनापासून वापरले. उपयोगाची आहे ती बारीक जुळणी. लगाची टोकं कानशीने पातळ केलीत की ओतकामातून आली तशीच आहेत, सीट स्टेचं (सीटकडून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या बारीक नळीचं) वरचं टोक लगाला कसं मिळतं, चिमट्याच्या उजव्या पायावर दिवा अडकवायची बोंडी आहे का (ही ब्रिटिश सवय), पंप अडकवायची खुंटी कुठे आहे. फोटो जवळून काढा, कारण पुढे जाणकार तेच मागतात. डोळ्याला सवय नसेल तर कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात एक दुपार घालवा आणि सांधे बघत फिरा.

मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर चाक काढून मोजा. १२० मिमी पाच गिअरच्या काळाचं, १२६ सहा-सात गिअरचं, १३० त्यानंतरचं. हेही वाकवून वाढवता येतं, म्हणून फक्त नोंद करा.

टप्पा ७: नंबर

बीबी शेलच्या खाली, मागच्या ड्रॉपआउटवर, सीट लगवर, हेड ट्यूबवर, या क्रमाने शोधा. रॉकेल आणि टूथब्रशने माती काढा, कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, मग टॉर्च तिरकी धरून फोटो घ्या. पुण्याच्या चार पावसाळ्यांत बाहेर उभी राहिलेली फ्रेम असेल तर ३, ८ आणि बी, ५ आणि एस, ० आणि डी यांत फरक राहत नाही. शंका असेल तिथे दोन्ही पर्याय लिहून ठेवा, मनाने एक निवडू नका.

खोलगट अक्षरं ठोकलेली असतात, ती बांधणाऱ्याची. उठावदार अक्षरं शेल ओतणाऱ्या कारखान्याची, त्यांना नंबर समजू नका. शेजारचा सुटा ५६ किंवा ५८ हा बहुधा फ्रेमचा आकार असतो.

नंबराची भाषा प्रत्येक कारखान्याची वेगळी. १९७० च्या दशकात रॅलेने अशी पद्धत आणली की पहिलं अक्षर कारखान्याचं: एन म्हणजे नॉटिंगहॅम, डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप, जिथे कार्लटनच्या फ्रेम बनत. एसबी आणि पुढे आकडे असतील तर इल्कस्टनचं रेसिंग फ्रेमचं युनिट. जपानच्या मियाताच्या नंबरात पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९७२. हाच नियम मियाताने अमेरिकेच्या 'युनिवेगा'साठी बनवलेल्या फ्रेमनाही लागू होतो.

इशारा: नंबर घेऊन थेट यादीत शोधू नका. एकच नंबर पाच कंपन्यांच्या पद्धतीत 'बसतो'. टप्पा ३ ते ५ मध्ये देश निश्चित झाला असेल तरच त्या देशाच्या याद्या उघडा.

टप्पा ८: आता नाव वाचा

रंग दिलेल्या फ्रेमवरही जुनं नाव सापडतं. खोलीत अंधार करून टॉर्च नळीला जवळजवळ चिकटवून तिरकी धरली की खालच्या स्टिकरच्या कडा रंगातून उठून दिसतात. मूळ रंग हेडसेटच्या (चिमटा फिरवणाऱ्या बेअरिंगच्या) कपाखाली आणि केबलच्या क्लिपखाली शिल्लक असतो. हेड बॅज (हेड ट्यूबवरचा धातूचा बिल्ला) नसेल तर रिव्हेटच्या भोकांमधलं अंतर आणि ती उभी आहेत की आडवी, हे लिहून ठेवा.

'रेनॉल्ड्स ५३१' हा १९३५ पासूनचा नळीचा प्रकार. प्यूजोची पीएक्स-१० त्याचीच होती आणि ती पक्की फ्रेंच. आता टॉप ट्यूब २६, चिमटा २५.०, दोन्ही बाजूंनी सरळ आटे आणि वर ५३१ चा स्टिकर असं काही पुण्यात "अस्सल इंग्लिश" म्हणून विकायला आलं, तर विकणाऱ्याशी वाद घालू नका. मापं त्याला दाखवा आणि भाव पाडून घ्या.

नाव आणि मापं जुळत नसतील तर दर वेळी बनावटच असेल असं नाही. मासीच्या फ्रेम मिलानमध्ये बनत आणि १९७३ पासून कॅलिफोर्नियातही. अमेरिकेच्या श्विनसाठी जपानमध्ये पॅनासॉनिक आणि ब्रिजस्टोनने, पुढे तैवानमध्ये जायंटने फ्रेम बनवल्या. प्यूजो नाव, ब्रिटिश आटे आणि इंची नळ्या दिसल्या तर १९८० च्या दशकातली फ्रेंच किंवा कॅनडात बनलेली, या दोन शक्यता आधी तपासा.

टप्पा ९: लिहा आणि मग विचारा

एका कागदावर तीन रकाने करा: मोजलेलं, दिसलेलं, ऐकलेलं. "काकांनी लंडनहून आणली" हे तिसऱ्या रकान्यात. लंडनहून आणलेली सायकल इटलीतही बनलेली असू शकते. निष्कर्ष फक्त पहिल्या दोन रकान्यांवरून काढा आणि दोन स्वतंत्र मोजमापं एकाच देशाकडे बोट दाखवत नसतील तर शेजारी 'बहुतेक' लिहा.

ब्रिटिश फ्रेम असेल तर तिथल्या व्हेटरन-सायकल क्लबमध्ये एकेका ब्रँडचा अभ्यास करणारे लोक आहेत. रॅलेची जुनी कागदपत्रं नॉटिंगहॅमशायर आर्काइव्ह्जमध्ये ठेवलेली आहेत. पत्र लिहिताना "ही सायकल कुठली?" एवढंच विचारलंत तर उत्तर येणार नाही. शेलची रुंदी, आटे, नळ्यांचे व्यास, सीटपोस्ट, नंबर आणि सांध्यांचे फोटो पहिल्याच पत्रात द्या.

उत्तर आलं की मग कोटिंगवाल्याकडे जा. शेलचे आटे आणि हेडसेटच्या बैठका बुचाने बंद करायला सांगा. बॅज आधी स्वतः काढून घ्या. नंबरावर उष्णता सहन करणारी टेप लावून घ्या आणि नंतर त्या जागेवर हाताने पातळ रंग मारा. पावडरचा जाड थर नंबरावर बसला की पुढच्या मालकाला तो खरवडावा लागतो.